रेफ्री चांगला होता

आमच्या घरात संशय पिढीजात आहे. आबा, म्हणजे माझे वडील, दूधवाला माप घालत असताना त्याच्या हाताकडे टक लावून बघायचे. डॉक्टरनं ताप नाही म्हटलं तरी घरी येऊन पुन्हा थर्मामीटर लावायचे. आणि फुटबॉलचा रेफ्री म्हटला की त्यांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसांना हे समजावून सांगावं लागतं, की आमच्याकडे पेठापेठांत तालमी आहेत, त्या कुस्तीच्या आहेत, पण त्यांचे संघ फुटबॉलचे आहेत आणि त्यांच्यापायी सख्ख्या साडूंमध्ये अबोला धरला जातो. आबा तरुणपणी आमच्या तालमीचे गोलकीपर होते. संघ हरला की रेफ्री विकला गेलेला असायचा, हे एक वेळ समजू शकतं. पण जिंकून आले तरी चपला काढायच्या आत त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आणखी दोन गोल झाले असते, त्या आंधळ्यानं ऑफसाइड दिले. आई आतून म्हणायची, पुरे आता, बीपी वाढेल. आबांचं बीपी खरंच वाढायचं.

ऐंशीच्या दशकात मी न्यू जर्सीत पिस्कॅटवेला पीएच.डी. करायला आलो तो हाच वारसा घेऊन. फुकट मिळणाऱ्या कूपनांवर माझा विश्वास नव्हता. ‘हॅव अ नाइस डे’ म्हणणारा प्रत्येक माणूस मला काहीतरी विकायला आलाय असं वाटायचं. माझा रूममेट नागपूरचा, शांत डोक्याचा. तो म्हणायचा, तू इंजिनिअरिंग कशाला करतोस यार, पोलिसात भरती हो.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालक. दोघंही फ्रान्सचे, साहेब विद्यापीठात फ्रेंच शिकवून रिटायर झालेले. आम्ही आपसात त्यांना फ्रेंच काका आणि फ्रेंच काकू म्हणायचो. पहिलं वर्षभर आमचं बोलणं गुड मॉर्निंगच्या पुढे गेलं नव्हतं. मग दुसऱ्या वर्षी सप्टेंबरातल्या एका बुधवारी दुपारी मी भात लावत होतो आणि खालून शिव्या ऐकू आल्या. भाषा मला ओ की ठो कळत नव्हती, पण रेफ्रीलाच चालल्यात याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. कुकरखालचा गॅस बंद करून मी खाली गेलो.

काका स्वयंपाकघरात शॉर्टवेव्ह रेडिओला कान लावून बसले होते. गळ्यात लोकरीचा मफलर, त्यांच्या गावच्या क्लबाच्या रंगांचा. मी विचारलं, पेनल्टी दिली नाही का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्याच गल्लीतला निघालो.

क्लबाचं नाव मी सांगणार नाही. त्यांचे पाठीराखे आमच्यासारखेच आहेत, भांडायला समुद्र ओलांडून येतील. त्या वर्षी क्लब तीन आघाड्यांवर खेळत होता. एक त्यांच्या देशातली लीग, वर्षभर चालणारी. दुसरा देशाचा कप, ज्यात खेड्यापाड्यातल्या संघांनाही मोठ्यांशी भिडायला मिळतं. आणि तिसरी युरोपातली स्पर्धा, जिच्यात प्रत्येक फेरीत एक मॅच आपल्याकडे, एक त्यांच्याकडे, आणि दोन्हींचे गोल मिळून निकाल. काकांनी साखरेच्या वड्या टेबलावर मांडून मला हे समजावलं. आमच्याकडे एका मॅचमध्ये सोक्षमोक्ष लागतो. मी म्हटलं, दोन मॅच म्हणजे रेफ्री विकत घ्यायला दोनदा संधी. हे त्यांना इतकं पटलं, की त्यांनी माझ्यासाठी कॉफी केली.

रेडिओ कधी लागायचा, कधी नुसता खरखरायचा. अमेरिकन पेपरात तर काहीच नसायचं. तिथे फुटबॉल म्हणजे हातात धरून पळायचा लंबुळका चेंडू. म्हणून मी विद्यापीठाच्या लायब्ररीत आठवडाभर शिळा येणारा फ्रेंच पेपर गाठायचो, खेळाच्या पानाची झेरॉक्स काढायचो आणि काकांना आणून द्यायचो. ते वाचायचे, मला इंग्रजीत सांगायचे. त्या हिवाळ्याआधी क्लबानं युरोपात दोन फेऱ्या जिंकल्या, लीगमध्ये वरच्या दोनांत राहिला, आणि तरीही काका एकदाही समाधानी नव्हते. जिंकल्यावर तर जास्तच पेटायचे. मला घरी असल्यासारखं वाटायचं. मी दर पंधरा दिवसांनी दादाच्या स्पेअरपार्टच्या दुकानात फोन करायचो, रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळ. आबा तिथेच बसलेले असायचे. मी त्यांना फ्रेंच क्लबाचा निकाल सांगायचो आणि ते पहिलं काय विचारायचे तर, रेफ्री कुठला होता?

नाताळाच्या सुट्टीत काकांना हार्ट अटॅक आला. वाचले. घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. डॉक्टरनं सांगितलं, उत्तेजना नको. रेडिओ नको, पेपर नको. काका फुटबॉलबद्दल विचारून विचारून आणखी अस्वस्थ व्हायला लागले, तेव्हा डॉक्टर जाता जाता हसत म्हणाला, फक्त चांगल्या बातम्या द्या. काकूंनी ते औषधासारखं घेतलं. मला जिन्यात गाठून म्हणाल्या, पेपर तूच वाच आणि त्यांना तोंडी सांग, पण जिंकलेलंच सांग. काकांच्या फ्रान्समधल्या बहिणीलाही फोनवर तंबी दिली होती. रेडिओ दुरुस्तीला गेला तो गेलाच.

मला हे रुचलं नाही. पण धक्का बसला म्हणाल तर तोही नाही. आपल्याकडे हे नवीन आहे का? माझ्याच रूममेटची आई आदल्या वर्षी गेली आणि त्याच्या घरच्यांनी त्याची क्वालिफायर, म्हणजे पीएच.डी.त टिकायची परीक्षा, होईपर्यंत त्याला कळू दिलं नाही. परीक्षा आहे, पोराला कळवू नका. पास झाल्याचं सांगायला त्यानं फोन केला तेव्हा समजलं. मी तेव्हा त्याला म्हणालो होतो, आमच्या घरात हे चालायचं नाही, मला लगेच वास येतो. त्यानं पुस्तकात डोकं घातलं होतं.

तर जानेवारीपासून माझी थापांची नोकरी सुरू झाली, आणि नेमका तेव्हाच क्लबाला उतरती कळा लागली. लीगमध्ये बरोबरी, हार, पुन्हा बरोबरी. कपात तर खालच्या डिव्हिजनच्या कुठल्यातरी संघानं त्यांना घरी पाठवलं. मला फ्रेंच येत नव्हतं, आकडे तेवढे कळायचे. बाकी सगळं मी मनानं रचायचो. मनात फुटबॉल होता तो कोल्हापूरचा, त्यामुळे फ्रान्समध्ये धुरळा उडायला लागला, गोलकीपर आबांसारखा डाव्या अंगावर पडून बॉल अडवायला लागला, आणि जागा नाही म्हणून माणसं झाडावर चढून मॅच बघायला लागली. काका म्हणाले, आमच्या स्टेडियमजवळ झाडं नाहीत. मी म्हटलं, नवीन लावलीत. त्यांनी मान हलवली. ती मान मला आवडली नाही.

एकच गोष्ट मी कटाक्षानं टाळली. रेफ्री. आबांचं बीपी काय केल्यानं चढतं हे मी जन्मापासून बघत आलो होतो, तेव्हा हृदयाच्या पेशंटसमोर रेफ्रीचा विषय काढायचा नाही एवढी अक्कल मला होती. माझ्या मॅचेसमधले सगळे रेफ्री देवमाणसं होते.

पण काका बदलले होते. पूर्वीचे काका दहा प्रश्न विचारायचे, हे एकच विचारायचे आणि माझं तोंड चालू असताना माझ्याकडे नाही, काकूंकडे बघायचे. एकदा मी दार ढकललं तेव्हा ते मफलर हातात घेऊन नुसते बसले होते, आणि मला बघताच त्यांनी तो उशीखाली सारला. जिंकणाऱ्या क्लबाचा मफलर कोण लपवतो? मी रूममेटला म्हटलं, म्हाताऱ्याला काहीतरी कळलंय. तो म्हणाला, तुला सगळ्यांचाच संशय येतो.

खरं तर तोच मला थोडा विचित्र वाटायला लागला होता. भांडी घासायची पाळी माझी असली तरी घासून ठेवायचा. माझ्या क्वालिफायरची तारीख मे महिन्यात होती आणि हा मला, तू अभ्यास कर, मी करतो स्वयंपाक, असं म्हणायचा. दीड वर्षात त्यानं मला कधी कांदा चिरून दिला नव्हता. मी मनात म्हटलं, याला मित्राच्या गाडीतली माझी पुढची सीट पाहिजे असणार, नाहीतर याचं कुठंतरी लग्न ठरलंय.

इकडे मार्चमध्ये क्लबानं युरोपात खरोखर एक फेरी जिंकली. त्या दिवशी मी काकांना खरं सांगितलं आणि गंमत म्हणजे ते सांगताना माझीच जीभ अडखळली. मग एप्रिलात सेमीफायनल. पहिल्या मॅचला परक्या मैदानावर क्लबाचा पार बोऱ्या वाजला. मी काकांना बरोबरी सांगितली. दुसरी घरच्या मैदानावर, ती क्लबानं जिंकली, पण गोल पुरले नाहीत. क्लब बाहेर. माझ्या हिशेबानं मात्र क्लब फायनलला गेला होता. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग मला जिन्यात म्हणाल्या, फायनलही जिंकू दे. मी वर येऊन डोकं धरून बसलो. परीक्षेचा अभ्यास सोडून मी युरोपातली फायनल कशी खेळवायची याचा विचार करत होतो.

त्या शनिवारी दुपारी काकू दुकानात गेल्या होत्या. काकांनी मला खालून हाक मारली. खिडकीशी बसले होते, मफलर मांडीवर उघडा.

“फायनल राहू दे,” ते म्हणाले. “ती रचायची म्हणजे तुला फार कष्ट पडतील. परीक्षा आहे ना तुझी?”

माझे कान तापले. बहिणीनं सांगितलं का, विचारलं. नाही म्हणाले. कुणीही सांगितलं नव्हतं. जानेवारीच्या शेवटीच त्यांना कळलं होतं. मी झाडांबद्दल माफी मागायला लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

“झाडांचं सोड. इतके महिने झाले, तुझ्या बातमीत एका माणसानंही रेफ्रीला शिवी दिली नाही. जिंकलेली माणसं एवढी समाधानी नसतात. सगळं छान आहे असं फक्त लपवणारा माणूस सांगतो.”

मग तुम्ही बोलला का नाही, मी चिडूनच विचारलं. चार महिने मी घाम गाळून गोल करत होतो. ते म्हणाले, दवाखान्यातून आल्यावर बायको माझ्या श्वासाकडे कान लावून जाग्या राहायच्या. तू पहिली विजयाची बातमी दिलीस आणि मी खूश झाल्याचं दाखवलं, त्या रात्री ती झोपली. मग मी खूशच राहिलो. आणि तुलाही सांगताना मजा येत होती, हेही त्यांनी वर जोडलं. मला रागही आला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मग त्यांनी क्लबाचं खरं काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, कपातली नाचक्कीसुद्धा. ऐकता ऐकता त्यांच्या गालांवर रंग चढला आणि सेमीफायनलच्या रेफ्रीला त्यांनी जी काही लाखोली वाहिली, ती ऐकून मला बरं वाटलं.

बरं वाटलं ते जिना चढेपर्यंत. वरच्या पायऱ्यांवर माझे पाय थांबले.

आबांशी मी शेवटचं कधी बोललो होतो? जानेवारीत. फेब्रुवारीत फोन केला तेव्हा दादा म्हणाला, आबा आत्ताच मॅचला गेले. पुढच्या वेळी मामाच्या गावाला गेले होते. मार्चमध्ये खोकला झाला होता, आवाज बसला होता. एप्रिलात पुन्हा मॅच. दर वेळी पटणारं कारण, दर वेळी वेगळं. आणि तालमीच्या संघाचं विचारलं की दादाचं ठरलेलं उत्तर, मस्त खेळली पोरं, आबा एकदम खूश. आबा एकदम खूश! मी एवढा जन्मजात संशयी माणूस, दूधवाल्यावर, कूपनांवर, म्हाताऱ्याच्या मफलरवर संशय घेणारा, आणि हे वाक्य मी तीनदा ऐकून घेतलं होतं. मॅच बघून खूश झालेले आबा मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

रूममेट कांदा चिरत होता. मी म्हटलं, मला घरी फोन करायचाय. तो म्हणाला, उद्या रविवार आहे, तेव्हा कर. मग थोड्या वेळानं, मान खाली घालूनच म्हणाला, नाहीतर परीक्षा होऊ दे यार, मग निवांत कर. ज्याच्या घरच्यांनी परीक्षेपायी त्याच्या आईचं जाणं लपवलं होतं, तो माणूस मला हे सांगत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं मान वर केली नाही. त्याला पुढचं काही विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी मी फोन लावला. तो आठवडा आमच्याकडच्या मोठ्या स्पर्धेच्या फायनलचा होता. दादा दुकानात होता. आवाज नेहमीसारखाच, मोकळा, जरा जास्तच मोकळा. आई बरी आहे, पाऊस अजून लांब आहे, तुझा अभ्यास कसा चाललाय. मी फायनलचं विचारलं. जिंकलो म्हणाला, पेठेत गुलाल उधळला, हलगी काय वाजली. हे सगळं खरं असणार. मग मी आबांचं विचारलं. तो म्हणाला, मॅच बघून दमले बिचारे, घरी झोपलेत, पण खूश आहेत हां. आणि मी न विचारताच त्यानं पुन्हा सांगितलं, एकदम खूश आहेत.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. रूममेट दारात येऊन उभा राहिला होता.

“दादा, आबा रेफ्रीबद्दल काय म्हणाले?”

बिचारा, त्याला वाटलं असणार मी सहज विचारतोय. मलाही वाटत होतं, यानं एक शिवी द्यावी. एकच. म्हणावं, आबांनी त्या रेफ्रीची आई-बहीण काढली, आईनं पुरे म्हटलं तरी थांबेनात. मी जन्मभर पुन्हा कुणावर संशय घेतला नसता.

“म्हणाले, रेफ्री चांगला होता.”

लाइनवर खरखर चालू होती. मी म्हटलं, “दादा, आबा कधी गेले?”

दादाचा मोकळा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाला, “तुला त्यानं सांगितलं का? तुझ्या रूममेटला मी शपथ घातली होती.”

“त्यानं नाही,” मी म्हटलं. “तू सांगितलंस. आत्ता.”

मग दादा रडायला लागला. फेब्रुवारीतच गेले होते, बीपी वाढलं म्हणून दवाखान्यात नेलं ते तिथूनच. आई म्हणाली होती, पोराची परीक्षा आहे, तो येऊ शकणार नाही, तिथं एकटा आहे, कळवू नका, आणि दादानं जवळजवळ तीन महिन्यांचं ओझं एकट्यानं उचललं होतं, दर पंधरा दिवसांनी फोनपाशी बसून माझ्यासाठी मॅचेस बघणारे आबा रचत. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. वडील माझेही होते, त्यांच्या तिरडीला खांदा द्यायला मिळाला नसता तरी त्या दिवशी जेवलो तरी नसतो, मी त्या दिवशी इथे बसून मटण खाल्लं असेल. यातलं मी थोडंफार बोललोही. पण डोळ्यांसमोर खिडकीशी बसलेले काका येत होते आणि माझा आवाज चढेना.

शेवटी मी विचारलं, दवाखान्यात त्यांना शुद्ध होती का? दादा म्हणाला, पहिले दोन दिवस होती. तालमीची पोरं भेटायला आली होती, आदल्या दिवशीची मॅच जिंकून. आबांनी नळी बाजूला करून पहिलं विचारलं, रेफ्री कोण होता? पोरांनी नाव सांगितलं. आणि आबांनी त्या नावाची अशी काही खबर घेतली, की नर्सनं पोरांना वॉर्डाबाहेर काढलं.

हे खरं होतं. याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.